फेबेरियसची लाल भिंत

माणसाची खरी ऐपत पासबुकात कळते आणि दाखवायची ऐपत घराच्या भिंतीवर, हे मी बँकेच्या काउंटरवर बसून शिकलो. आमच्या हिने हॉलची एक भिंत लालभडक करायची ठरवली, तेव्हा या सिद्धांताचा प्रयोग माझ्याच खिशावर सुरू झाला. "अहो, एकच तर भिंत!" ही म्हणाली. विरोधाला काही भारदस्त आधार हवा म्हणून मी वाचनालयातून रोमन घरांवरचे एक जाडे पुस्तक आणले. आणि त्यात मला चक्क माझा भाऊबंद भेटला.

त्याचे नाव फेबेरियस. हुद्दा लेखनिक, म्हणजे आपल्याच पंगतीतला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने त्याची कथा लिहून ठेवली आहे. रोमच्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर फेबेरियसचे घर होते. ते झोकदार दिसावे म्हणून त्याने आतल्या चौकाभोवतीच्या साऱ्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा लाल खनिज रंग. तो इतका महाग, की पौंडाला 70 सेस्टर्सपेक्षा जास्त घेऊ नये असा कायदाच होता. पण उघड्यावरच्या हिंगुळाला ऊन सोसत नाही. व्हिट्रुव्हियसच्या मते चांदणेही सोसत नाही. 30 दिवसांत भिंतींवर काळपट, घाणेरडे डाग पडले, आणि बिचाऱ्याला दुसऱ्या रंगांचे नवे कंत्राट द्यावे लागले. त्या दिवशी त्याच्या घरात काय बोलणे झाले ते व्हिट्रुव्हियसने लिहिलेले नाही. मला लिहिता येईल.

महागडे रंग मालकानेच आणून द्यायचे, अशी तिथली रीत. प्लिनी नावाचा विद्वान सांगतो, की रंगारी हिंगुळाने भरलेला कुंचला पुन्हा पुन्हा पाण्यात धूत. रंग जड, तो तळाशी बसे आणि संध्याकाळी रंगाऱ्याबरोबर घरी जाई. गिलाव्याचेही तेच. व्हिट्रुव्हियसचा आग्रह असा, की खडबडीत पहिल्या थरावर वाळू-चुन्याचे तीन आणि संगमरवरी भुकटीचे तीन थर हवेत. पाँपेईतल्या बहुतेक भिंतींवर मात्र इतके थर सापडत नाहीत. कंत्राटदार ही संस्था रोमपेक्षाही चिवट आहे.

तरीही काम पक्के होई. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कर्बवायू शोषून घेतो, त्याचा दगड होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. वेळ मात्र थोडा. भिंत ओली आहे तोवर चित्र व्हायला हवे. असे काम आमच्या शाखेत आले असते तर भिंती कोऱ्याच राहिल्या असत्या.

पण एवढी हौस कशासाठी? तिथल्या खोल्या बऱ्याचदा लहान आणि अंधाऱ्या असत, रस्त्याकडे खिडक्या बेताच्याच. मग भिंतीवरच खिडकी काढायची! संगमरवर परवडत नाही तर गिलाव्यावर संगमरवर रंगवायचा. अंगण नसेल तर खांब, कमानी आणि पलीकडचे आकाश. पाँपेईत वेट्टी नावाचे दोघे होते, एके काळचे गुलाम असावेत. पैसा आल्यावर त्यांनी भिंतीवर पंखवाली चिमुकली बाळे काढून घेतली. ती दागिने घडवतात, अत्तरे करतात, दारू विकतात. दाराशी एक देव तराजूत पैशाची थैली तोलतो आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते घरच्या मंडळींसमोर सांगण्यासारखे नाही. गंमत म्हणजे ज्यांच्याजवळ सगळे होते त्यांचीही हौस हीच. ऑगस्टस बादशहाच्या राणीने, लिव्हियाने, अर्धवट जमिनीखालच्या खोलीत चारी भिंतींवर बाग रंगवून घेतली. झाडे, फळे, पाखरे, सगळे. ती खोली 1863 साली सापडली. आता त्या भिंती रोमच्या संग्रहालयात आहेत.

हे सगळे मी हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "म्हणजे लाल रंग पूर्वापार आहे तर!" आमचा पेंटर आला, एक हात मारला आणि "आठवड्यात येतो साहेब" म्हणून भाचीच्या साखरपुड्याला गेला तो गेलाच. आठव्या दिवशी माझा पारा हिंगूळ होण्याच्या बेतात होता.

त्या रात्री पुस्तकाचे शेवटचे प्रकरण वाचले. इसवी सन 79 मध्ये एके दिवशी पाँपेईत एका घराची खोली रंगत होती. वरचा भाग पुरा झाला होता, मधल्या भागात कुठे नुसत्या रेघा होत्या. तेवढ्यात व्हेसुव्हियस फुटला. रंगारी हातातले टाकून पळाले. 1987 नंतर तिथे उत्खनन झाले तेव्हा त्यांची रंगाची भांडी तशीच पडलेली सापडली. ते वाचले की नाही, कोणाला ठाऊक. प्लिनी मात्र त्याच उद्रेकात गेला. भिंत एकोणीसशे वर्षे वाट पाहत राहिली, परत कोणी आले नाही.

नवव्या दिवशी आमचा पेंटर दारात उभा राहिला. मी काही बोललो नाही. त्याला आधी चहा दिला, भाचीची चौकशी केली. ही माझ्याकडे बघतच राहिली.

भिंत लाल झाली. पुढे 30 दिवस मी रोज सकाळी चष्मा लावून डाग शोधत होतो. एकतिसाव्या दिवशीही ती लालच होती. फेबेरियसला कळवायला हवे होते.