घरबसल्या नोकरीचे आमिष

‘घरबसल्या काम, रोज हजारो रुपये’ असा संदेश मोबाइलवर येतो. व्हिडिओ ‘लाइक’ करणे किंवा हॉटेलांना चांगला शेरा देणे एवढेच काम असते आणि पहिले शे-दोनशे रुपये खरोखर जमाही होतात. फसवणुकीची खरी मेख इथेच आहे. विश्वास बसल्यावर उमेदवाराला टेलिग्रामवरील गटात घेऊन ‘प्रीपेड टास्क’साठी पैसे भरण्यास सांगितले जाते. पडद्यावर नफा वाढत राहतो. मात्र तो काढू पाहताच कर किंवा शुल्क म्हणून आणखी रक्कम मागितली जाते. अशा प्रकारांत गुंतलेली शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली.

‘डेटा एन्ट्री’च्या प्रकारात आधी करारावर सही घेतात. नंतर कामात चुका दाखवून नुकसानभरपाईसाठी वकिलाच्या नावाने बनावट नोटीस पाठवून धमकावले जाते.

नोकरीसाठी पैसे मागणे हीच धोक्याची पहिली खूण होय. मुलाखतीविना नेमणूक आणि केवळ चॅटवरचा संपर्क, या इतर खुणा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून खातरजमा करावी. यूपीआयने पैसे स्वीकारताना पिन लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. कमिशनच्या मोहाने स्वतःचे बँक खाते इतरांना वापरू देऊ नये. त्यातून चोरीचा पैसा फिरल्यास चौकशी खातेदाराचीच होते.

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पैसे पुढे वळते होण्यापूर्वीच ते गोठवता येतात. त्यामुळे संकोचापोटी गेलेला प्रत्येक तास महागात पडतो.