मावळातील प्राचीन नमस्कार : पाले आणि लोहगड येथील शिलालेख

लोणावळा-खंडाळा म्हटले की हवापालटासाठी येणारी मंडळी, चिक्कीची दुकाने आणि भुशी धरणावरील पावसाळी गर्दी एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि मुंबई-पुण्याच्या नागरिकांना हा परिसर जवळचा झाला. आपल्या समाजातील अनेक कुटुंबेही सुटीचे दोन दिवस येथे घालवतात. परंतु येथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवली किंवा कामशेत या स्थानकांवर उतरून पायी चालू लागले, तर महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या अतिप्राचीन लेखी पुराव्यापाशी पोहोचता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांसाठी त्याचा परिचय येथे करून देत आहे.

बोरघाट हा कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणारा फार जुना व्यापारी मार्ग होय. जेथून तांडे जात तेथे श्रमणही जात, आणि त्यांच्या निवासासाठी डोंगरात लेणी कोरली जात. कार्ले येथील भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करविले असे तेथील लेख सांगतो; खांबांवर धेनुकाकटच्या यवनांचीही नावे आहेत. मळवलीहून भाज्याला जाताना द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. वाहनांचा तो गदारोळ मागे पडला की भातखाचरे लागतात आणि अर्ध्या तासात आपण लेण्यांच्या पायऱ्यांशी येतो. भाजे, कार्ले आणि बेडसे ही तिन्ही लेणी बौद्ध आहेत. त्यांची थोरवी वेगळी सांगावयास नको.

आता वळू पाल्याकडे. कामशेतच्या उत्तरेला नाणे मावळात पाले नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या जवळच्या डोंगरात एक साधे लेणे आहे. कार्ल्यासारखा शिल्पांचा थाट येथे नाही. मोलाचे आहे ते भिंतीवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखन. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा लेख वाचून विद्वानांसमोर ठेवला. लेखाचा आरंभ अरहंतांना केलेल्या नमस्काराने होतो. भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणे आणि ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके करविले, असा त्याचा आशय आहे. अक्षरांच्या वळणावरून त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या ते पहिल्या शतकातील धरला जातो. महाराष्ट्रातील जैन लेण्यांचा विचार करताना आपण सहसा वेरूळपासून सुरुवात करतो; पण तेथील ३० ते ३४ क्रमांकांची लेणी नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत. म्हणजे पाल्याच्या या लेखाने हा इतिहास जवळजवळ हजार वर्षे मागे नेला!

तथापि येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. हा लेख निश्चितपणे जैनच आहे काय? ‘अर्हत्’ हा शब्द बौद्ध परंपरेलाही परका नाही, आणि ‘भदंत’ हे संबोधन तर पश्चिम महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांच्या लेखांत पुन्हा पुन्हा येते. याच कारणाने काही अभ्यासक शंका घेतात. उलट पक्षी, ओडिशातील उदयगिरीच्या हाथीगुंफेत सम्राट खारवेलाचा प्रसिद्ध लेख अरहंतांच्या आणि सर्व सिद्धांच्या नमस्कारानेच सुरू होतो. मथुरेच्या प्राचीन जैन आयागपटांवरही अर्हतांना वंदन कोरलेले आढळते. लेखारंभी असा नमस्कार करण्याची ही रीत प्रामुख्याने जैनांची, या आधारावर सांकलिया-गोखले यांनी आपला निर्णय दिला. तो मला ग्राह्य वाटतो. मात्र शंका घेणाऱ्यास धर्मद्रोही समजण्याचे कारण नाही. ज्या परंपरेने अनेकान्ताचा विचार जगाला दिला, तिच्या अनुयायांनी तरी एवढा संयम ठेवावा.

पाल्याचा लेख अनेक वर्षे एकटाच होता, ही त्याची मोठी अडचण होती. २०१९ साली लोहगडाच्या पूर्वेकडील बाजूस, लोहगडवाडीजवळच्या एका गुहेत, डोंगरभटकंती करणाऱ्या मंडळींना दुसरा ब्राह्मी लेख आढळला. पुण्यातील तज्ज्ञांनी तो वाचला तेव्हा त्यातही अरहंतांना नमस्कार आणि इंद्ररक्षिताचेच नाव मिळाले. टाके कोरविल्याचा उल्लेखही आहे. एकाच नावाचे दान खोऱ्याच्या दोन्ही अंगांना सापडते, त्याअर्थी हा एखाद्या वाटसरूचा तुरळक उल्लेख नसून या परिसरात त्या श्रमणांचा वावर होता, असे म्हणण्यास बळकटी येते. जो लोहगड आपण शिवछत्रपतींच्या इतिहासातून ओळखतो, जो १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला, त्याच डोंगराच्या अंगावर त्याआधीची ही अक्षरे सुमारे दोन हजार वर्षे होती. २०२५ साली या किल्ल्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

येथे चातुर्मासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वर्षाकाळात जीवहिंसा टाळण्यासाठी मुनींनी विहार थांबवून एका स्थानी राहावयाचे, हा नियम किती कडक आणि किती आवश्यक होता हे मावळातला पाऊस पाहिल्यावर उमगते. ज्या महिन्यांत शहरी पर्यटक येथे धाव घेतात, त्याच महिन्यांत ते तपस्वी स्थिर होत असत. उरलेले आठ महिने ते चालत, आणि लेण्याशेजारचे टाके वाटेवरील तहान भागवी. दात्याने लेण्याबरोबर टाक्याचा उल्लेख आवर्जून का करविला असावा, हे तेथवर पायी गेलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. मळवलीहून भाजे, तेथून चढ चढून लोहगड आणि विसापूर यांमधील गायमुख खिंड, आणि मग लोहगडवाडी, ही वाट रमतगमत दोन-अडीच तासांची आहे. पाल्यासाठी कामशेतहून निघावे व गावातील कोणा जाणत्यास बरोबर घ्यावे. हिवाळ्याचे दिवस उत्तम. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नये, पाणी ओतू नये, भक्तिभावाने गंध-केशरही लावू नये. छायाचित्र घ्यावयाचे असल्यास सकाळचा तिरपा उजेड किंवा बाजूने धरलेली विजेरी पुरेशी होते. त्या प्रकाशात झिजलेल्या रेषाही वर उठून दिसतात.