मचाण : शिकारीकडून गणनेकडे
हरणाची वाट पाहण्यासाठी झाडावर बांधलेला माळा म्हणजे मचाण. अमेरिकेतील काही शिकारी आता माळ्याऐवजी पट्ट्यांच्या झोळीत, ‘ट्री सॅडल’मध्ये, खोडाला दोराने टांगून बसतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१च्या दुरुस्तीने परवानेही संपले. मचाण मात्र उरले. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावरील प्राणीगणनेसाठी. बांबूंची चौकट जाड फांद्यांना दोरखंडाने आवळतात, भोवती पानांचा आडोसा करतात. चितळ-सांबरांचे नाक तीक्ष्ण. त्यामुळे वारा पाणवठ्याकडून मचाणाकडे वाहील अशीच जागा हवी. अत्तर, तंबाखू वर्ज्य. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या जंगलात निव्वळ उंचीवर विसंबणे भाबडेपणाचे. बिबट्या झाडावर सहज चढतो. म्हणून एकट्याने बसू नये आणि उजाडेपर्यंत खाली उतरू नये.