झुकलेली काडी

आमच्या नेकनूरच्या कोरड्या शिवारात जे कधी उगवायचे नाही, ते गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने वहीत दाबून आणले. मुन्नारच्या सहलीतली ती वीतभर काडी. इवल्याशा झाडासारखी, फांद्यांची टोके खाली झुकलेली. "गुरुजी, हे काय?" मी बेधडक सांगून टाकले, "शेवाळ!"

घरी पुस्तके चाळली आणि शरमलो. थोडा धीर आला तो एवढ्याने, की थोर लिनियसही इथेच चुकला होता. १७५३ साली त्याने हिला 'लायकोपोडियम सर्न्युअम', म्हणजे झुकलेली, हे नाव दिले खरे; पण बसविले शेवाळांच्याच पंक्तीत. वास्तविक शेवाळाला नसतात त्या पाणी वाहणाऱ्या नलिका हिच्या अंगात असतात. फूल नाही, बी नाही. बीजाणूंवर वंश चालतो. हिचे प्राचीन आप्त शंभर फुटी वृक्ष होते. युरोप-अमेरिकेतला पुष्कळ दगडी कोळसा त्यांचाच! हिच्या युरोपातल्या बहिणीचे बीजाणू ज्योतीवर उधळले की भपकन पेटतात. जुन्या रंगभूमीवर वीज चमके ती त्यांच्याच जोरावर. १९६७ साली पोर्तुगीज शास्त्रज्ञांनी झुकलेलीला 'पालिन्हिया' या नव्या वंशात नेले. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणानेही तो मानला.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. पोरीने विचारले, "मग लिनियसला कोणी रागावले का, गुरुजी?"

"नाही, बाळ. मागून आलेल्यांनी नुसते दुरुस्त केले."

ती काडी अजून माझ्या टेबलावर आहे, मान झुकवून.