घरची बोली, शाळेची मराठी

गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याइतकीच चर्चा होते ती पोरांच्या शाळेची. पोराला इंग्रजी यावी म्हणून काही जणींनी घरात अहिराणी बोलणंच सोडलंय. म्हणून आज जरा मागे जाऊन पाहू, आपल्या खानदेशात शाळेची भाषा आली कुठून.

१८१८ साली इथे इंग्रजांचा अंमल आला. पुढे सरकारी शाळा निघाल्या. शाळेला पुस्तकं हवीत, पुस्तकांना एक ठरलेली भाषा हवी. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. या कामात प्रमाण धरली गेली ती मुख्यतः पुण्याकडची मराठी. तीच 'शुद्ध' ठरली. आपल्या पणज्या काही अशुद्ध बोलत नव्हत्या. त्यांची बोली पुस्तकात आली नाही, एवढंच.

त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक पोरांना पहिलीतली मराठी हीच दुसरी भाषा असते. अहिराणीत 'मना' म्हणजे माझा, पुस्तकात 'मना' म्हणजे हे मना! घरी 'आठे', शाळेत 'इथे'. शिरपूर, चोपड्याकडच्या पावरा पोराची तर आणखी पंचाईत. घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. त्यात २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. पोर गोंधळतं, गप्प बसतं, आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

पण आपल्या बोलीची ताकद आपल्याच जिल्ह्यानं दाखवली आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत, त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांनी इथल्याच बोलीत गाणी रचली. ती घरातल्यांनी कागदावर उतरून ठेवली होती. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मग मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. पुढे त्याच कविता शाळेच्या पुस्तकात आल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. ज्या बोलीसाठी पोराला टोकतात, तीच बोली परीक्षेला आली!

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सांगतो, की शक्य असेल तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली भाषा म्हणून सांगणारे १८ लाखांहून जास्त लोक होते.

याचा अर्थ मराठी-इंग्रजी नको, असा मुळीच नाही. दोन्ही हव्यात. तालुक्याच्या कचेरीत, बँकेत, नोकरीत त्यांच्यावाचून अडतं, हे आपण रोज बघतो. पण ज्या पोराला घरच्या बोलीत गोष्ट समजते, सांगता येते, त्याला नव्या भाषेत फक्त नवे शब्द शिकायचे असतात. समज आधीच आलेली असते. बोलीच तोडली, तर शब्दही नवे आणि समजही नवी. दोन्ही ओझी एकदम.

मग आपण काय करायचं? घरी आपल्या बोलीत भरपूर बोला, आजीला गोष्टी सांगू द्या. दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद बाया असतात. तिथे नुसती सही करून उठू नका. गुरुजींना विचारा, पहिलीच्या पोरांशी सुरुवातीला त्यांच्या बोलीत बोलाल का? त्यांना बोली येत नसेल, तर आठवड्यातून एक दिवस गटातली एखादी ताई वर्गात जाऊन गोष्ट सांगेल. याला खर्च नाही, ठरावही लागत नाही.

येत्या बैठकीत हा विषय घ्या, आणि आपल्या गावात कोण जाणार ते तिथेच ठरवा. रामराम!