खोतांचं कूळ आणि आमचं

तर झालं असं, की या दिवाळीला सिल्लोडला जाताना लॅपटॉप पुण्यातच ठेवला आणि बॅगेत 'तुंबाडचे खोत' टाकली. श्री. ना. पेंडशांची १९८७ सालची कादंबरी. दोन जाडजूड खंड, खोत घराण्याच्या चार पिढ्या. (वजन विचारू नका!) बस फुलंब्रीला येईपर्यंत कोण कुणाचा मुलगा याचा पार गोंधळ उडाला. शेवटी वहीच्या मागच्या पानावर खोतांची वंशावळ काढत बसलो.

बाहेर अंगणात मका वाळतोय आणि मी ओट्यावर जगबुडीच्या काठी! आजीनं विचारलं, "खोत म्हंजे काय रं?"

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे खोत नव्हतेच. कोकणात खोत गावाचा सारा गोळा करायचा, सरकारचं देणं भरायचा आणि मधला हिस्सा स्वतः ठेवायचा. वर वेठबिगारी. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधीच, १९३३ पासून, अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांचा संप चालू होता. तो जवळजवळ सहा वर्षं चालला. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं.

आजीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग राबायचं कोन?"

"कुळं."

"आपून बी कूळच होतो ना."

मी वहीकडे बघत राहिलो. कुलदैवत, कुळाचार यातलं कूळ आणि कुळकायद्यातलं कूळ. शब्द एकच! एकाला वंशावळ असते, दुसऱ्याला फक्त खंड भरायचा असतो. पेंडशांनी खोतांना कुठेही सोवळं ठरवलेलं नाही, ही त्यांची ताकद. पण मी पाचशे पानं स्वतःला खोतांच्या वाड्यातच कल्पून वाचत होतो, हेही खरं.

आमच्याकडचा हिशोब वेगळा. सिल्लोड निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं (तारीख बघा, पुन्हा तीच), १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० ला हैदराबादचा कुळवहिवाटीचा कायदा आला. तोवर सरकारी कागद उर्दूत आणि साल फसली. फसलीत ५९० मिळवायचे की इसवी सन, एखादं वर्ष इकडेतिकडे. प्रोग्रामरला फार आवडणारं प्रकरण!

मग आमचीही वंशावळ काढली. वडील, आजोबा, पणजोबा. संपली! आजीनं पेटीतून एक उर्दू पावती काढून दिली. गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी ती वाचली. १३५६ फसली, म्हणजे १९४६-४७. पणजोबांचं नाव आणि पुढे त्यांच्या वडिलांचं. एका पावतीत एक पिढी मिळाली.

"आणि त्यांची बायको?" मी आजीला विचारलं. म्हणजे तिची आजेसासू.

आजी बराच वेळ आठवत होती. "मोठ्या आत्याबाई म्हनायचो सगळे," ती म्हणाली. "नाव कोन घेतंय?"

वहीत तेवढीच चौकट रिकामी आहे. दुसरा खंड अजून अर्धा बाकी आहे, पुढच्या शनिवारी.