एका स्वयंपाकघरातून घडलेले नेतृत्व

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने ज्ञातिनिहाय वसतिगृहे उभी राहू लागली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ सालचे. दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच सुमाराचे. खेड्यातल्या मुलाची शहरात राहण्याची व दोन वेळच्या भोजनाची सोय झाल्यावाचून तो शिकणार नाही, हे महाराजांनी अचूक ओळखले होते. प्रत्येक ज्ञातीने आपल्या मुलांचा भार उचलावा, या व्यवहारी विचारातून झालेली ही सोय अत्यंत उपकारक ठरली. परंतु ज्ञातीची मुले ज्ञातीतच वाढत राहिली, हेही नाकारता येत नाही.

बाहुबली क्षेत्राजवळील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील याच जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. पुस्तकी अभ्यासापेक्षा त्यांचा ओढा कुस्तीकडे अधिक! १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून गेले. परतल्यावर त्यांना स्नान करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्या समाजाच्या गौरवग्रंथांत कर्मवीरांचे छायाचित्र अग्रभागी असते. हा प्रसंग मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. वास्तविक त्यांच्या पुढील कार्याचे बीज याच प्रसंगात आहे. व्यवस्थापक दुष्ट होते असे नव्हे. ते त्या काळच्या रूढीप्रमाणे वागले. विशीतल्या एका तरुणाने मात्र अहिंसेचा अर्थ ताटापुरता मर्यादित ठेवण्यास नकार दिला, हे विशेष.

पुढे शाळेच्या बाहेर बसून शिकणारा ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला त्यांनी कोल्हापुरास त्याच मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवले, अशी आठवण सांगितली जाते. हे घोलप पुढे ‘मूकनायक’ पत्राचे संपादक व मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले.

किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त भाऊराव गावोगाव फिरले. विक्रेत्याला ओसरीवर बसावे लागते, गिऱ्हाइकाचे घरगुती गाऱ्हाणेही ऐकावे लागते. गावातील दारिद्र्य, अज्ञान आणि भाऊबंदकी त्यांना अशी जवळून दिसली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाचे वैशिष्ट्य त्याच्या स्वयंपाकघरात होते. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशी सर्व मुले एकत्र राहत. पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट, शेतातील काम सारे मिळून करीत. सलोख्यावर व्याख्याने देऊन सलोखा होतो, अशी भाऊरावांची समजूत नव्हती. ज्याने चुलीवर आपल्यासाठी भाकरी भाजली त्याच्या जातीचा उद्धार करणे जिभेला जड जाते, हे ते जाणून होते. एरवी एकमेकांच्या सावलीलाही न थांबणाऱ्या घरांतील ही मुले सुट्टीत गावी परतत, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनाही काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत असतील!

या प्रयोगाची खरी किंमत सौ. लक्ष्मीबाईंनी मोजली. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या गृहिणीला परजातीच्या मुलांना घरात घेणे सोपे गेले नाही. पण पुढे त्यांनी या मुलांचे मातृत्व पूर्णपणे पत्करले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर मंगळसूत्रही विकावे लागले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा वृक्ष बहरलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दानशूरांच्या नावांच्या फलकांवर अशा नावाला कोणत्या रकमेपुढे लिहावे, हा प्रश्न कोणत्याही विश्वस्तास पडावा.

वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेला तरुण नोकरीच्या मागे लागून गाव विसरू नये, याचीही भाऊरावांना चिंता होती. म्हणून १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. येथे तयार झालेले शिक्षक ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे पाठविले जात. कोठे देवळात, कोठे चावडीत वर्ग भरे. अशा गावी शिक्षक हा केवळ अक्षर शिकविणारा राहत नसे. शाळेत कोणाचे मूल कोणाशेजारी बसणार, हा पहिलाच तंटा त्याच्यापुढे येई आणि तो सोडविताना त्याला वसतिगृहातील पंगतच आठवत असणार.

९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला होता. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेल्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे ज्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ते विद्यापीठ कोल्हापुरातच आहे. स्नानास नकार दिल्यामुळे एका विद्यार्थ्याला ज्या गावात आपले बोर्डिंग सोडावे लागले होते, त्याच गावात.